अर्धा इंच म्हणजे नेमका किती? तांब्याच्या पाईपांमागे गेलेले दोन महिने

५ जानेवारीला बाथरूमच्या मागच्या भिंतीवर पंजाएवढा ओला डाग दिसला. दोन दिवस मी त्याच्याकडे काणाडोळा केला, कारण भिंत फोडायची म्हटलं की पोटात गोळाच येतो. तिसऱ्या दिवशी डाग दुप्पट झाला तेव्हा घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरसमोर उभी राहिले. छोटा काटा हलत होता, अगदी हळू, पण हलत होता. मग गीझरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला आणि काटा थांबला, म्हणजे गळती गरम पाण्याच्या लाईनीत. ही पाच मिनिटांची तपासणी कुणीही करू शकतं, आणि भिंत कुठे फोडायची हे ठरवायला तिचा फार उपयोग होतो.

९ तारखेला प्लंबरकाका आले, भिंत उघडली. आत तांब्याचा पाईप, त्यावर हिरवा-निळा कळंक चढलेला, आणि जॉइंटपासून दोन बोटं पुढे टाचणीच्या टोकाएवढं एक भोक. काकांनी तो तुकडा कापून उभा चिरून दाखवला. मूळ काम करणाऱ्याने पाईप कापल्यावर कडेची आत वळलेली धार काढलीच नव्हती. त्या धारेवर पाणी आपटतं, पुढे भोवरा होतो आणि तो भोवरा वर्षानुवर्षं तांबं खरवडत राहतो. आतून पाहिलं तर घोड्याच्या नालेसारखे खड्डे पडलेले. शिवाय एका ठिकाणी तांब्याला थेट गॅल्वनाइज्ड लोखंडी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा) जोडलेला होता, तो आट्यांजवळ गंजून भुगा झालेला. तांबं आणि लोखंड ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड मरतं, मधे डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातूंना एकमेकांना टेकू न देणारा जोड, टाकायला हवं होतं किंवा निदान पितळेचा तुकडा तरी.

"ताई, एक भोक बुजवून काही होणार नाही, पुढचं महिनाभरात फुटेल," काका म्हणाले. म्हणजे चौदा मीटर लाईन नवीन. आणि भिंत उघडतेच आहे तर स्वयंपाकघरातला गॅसचा पाईपही सरकवू, एसीचं इनडोअर युनिट दुसऱ्या भिंतीवर घेऊ, असं करत करत काम वाढलं. आता वाटतं की तीन कामं एकदम काढणं हा शहाणपणा नव्हता. पण त्यामुळेच तांब्याचे पाईप किती तऱ्हेचे असतात ते कळलं, नाहीतर मी आयुष्यभर 'कॉपर पाईप म्हणजे कॉपर पाईप' असंच समजत राहिले असते.

प्लास्टिकचे पाईप घ्यावेत का, हा विचार केला होता. ते वाईट असतात असं अजिबात नाही, स्वस्त पडतात, आग न लावता जोडता येतात. माझ्या लाईनीचा काही भाग उन्हात उघडा होता आणि गीझरच्या तोंडाशी चांगलाच तापायचा, म्हणून मी तांब्यावर राहिले. तुमची लाईन पूर्ण घराच्या आत असेल तर मी तांब्याचा आग्रह धरणार नाही.

आता माझा गाढवपणा. काका म्हणाले अर्धा इंची लागेल, मी लगेच ऑनलाईन अर्धा इंची तांब्याच्या पाईपची १५ मीटरची गुंडाळी मागवली. पाच दिवसांनी आली. छान चकचकीत, दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपणं. मी उत्साहाने एक टोपण काढून हात लावून पाहिला, आणि काकांनी खिशातलं फिटिंग तिच्यावर चढवलं तर ते खुळखुळ्यासारखं हलायला लागलं.

भानगड अशी आहे. नळकामाच्या तांब्याच्या पाईपला 'अर्धा इंची' म्हणतात तेव्हा ते नावापुरतं माप असतं, बाहेरचा व्यास त्याहून नेहमी एक अष्टमांश इंच जास्त असतो. म्हणजे अर्धा इंची पाईप बाहेरून पाच अष्टमांश इंच, १५.९ मिमी. एसी-फ्रीजच्या पाईपचं माप मात्र सरळ बाहेरूनच घेतात, तिथे अर्धा इंच म्हणजे बाहेरून खरोखर १२.७ मिमी. मी मागवली होती ती एसीची गुंडाळी. तीन मिलिमीटरचा फरक, डाख (सांध्यात वितळवून भरायचा धातू) भरून बुजण्यातला नाही. आणि हे अमेरिकन पद्धतीचं झालं. युरोपियन स्टँडर्डचे पाईप मिलिमीटरमध्ये आणि बाहेरूनच मोजतात, १५, २२, २८ असे. त्यातला १५ चा पाईप नि अर्धा इंची १५.९ चा पाईप शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखेच दिसतात, पण एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. म्हणून माप सांगताना 'बाहेरून इतके मिलिमीटर' असंच सांगा आणि जुन्या पाईपचा तुकडा सोबत न्या. कॅलिपर असेल तर उत्तमच.

परत करायला गेले तर उत्तर आलं, टोपण काढलंय म्हणून माल परत घेता येणार नाही. तीन वेळा फोन, दोन वेळा फोटो, उत्तर तेच. तेव्हा चीड आली, पण नंतर एसीवाल्याने समजावलं की टोपणाला खरंच अर्थ असतो. एसीचे पाईप कारखान्यात आतून साफ आणि कोरडे करून सीलबंद करतात, आत दमट हवा किंवा धूळ गेली की पुढे कॉम्प्रेसरच्या जिवाशी खेळ. मी टोपण लगेच परत लावलं होतं हे त्यातल्या त्यात बरं. गुंडाळी माळ्यावर गेली, तिची गोष्ट पुढे येते.

१६ ते १९ जानेवारी मी नुसतं वाचत आणि काकांना पिडत होते. नळकामाच्या पाईपात के, एल आणि एम असे तीन प्रकार. तिघांचा बाहेरचा व्यास सारखाच, त्यामुळे फिटिंग तीच बसतात, फरक असतो भिंतीच्या जाडीचा. अर्धा इंचीत के ची जाडी १.२४ मिमी, एल ची १.०२ आणि एम ची ०.७१. ओळखायचं कसं, तर पाईपवर छापलेल्या अक्षरांच्या रंगावरून: के हिरवा, एल निळा, एम लाल. पिवळी छपाई असेल तर तो सांडपाण्याचा, भिंत आणखी पातळ, दाबाच्या पाण्याला तो वापरायचाच नाही. पण एसीच्या पाईपलाही निळी छपाई असते, म्हणून नुसता रंग बघून घेऊ नका, अक्षरं वाचा.

वजनावरून किमतीचा अंदाज येतो, कारण तांबं शेवटी वजनावर जातं. अर्धा इंचीचा एक मीटर के मध्ये साधारण ५१० ग्रॅम, एल मध्ये ४२५, एम मध्ये ३०५. के मुख्यतः जमिनीखालून येणाऱ्या लाईनीला. घरातल्या पाण्याला एल किंवा एम. काकांचं म्हणणं होतं की भिंतीत जे गाडायचं ते एल, उघड्यावर एम चालेल. मी हिशोब केला तर सगळं एल घेतलं तरी एकूण खर्चात फार फरक पडत नव्हता, आणि दोन प्रकार आणले की कामाच्या धांदलीत चुकीचा तुकडा भिंतीत जाणार हे मला माझ्या स्वभावावरून माहीत होतं, म्हणून सगळं एल घेतलं.

अजून एक भेद आहे, कडक आणि मऊ. कडक पाईप सरळ नळ्यांमध्ये येतो, २० फुटी म्हणजे सहा मीटरच्या थोडा वर. मऊ पाईप तापवून नरम केलेला असतो, गुंडाळीत येतो आणि हाताने वळतो. एम फक्त कडकच मिळतो. आम्ही कडक घेतला, आणि सहा मीटरची नळी लिफ्टमध्ये जात नाही हा साक्षात्कार खाली टेम्पो उभा असताना झाला. जिन्याच्या वळणावर तीन जणांनी कसरत करून नळ्या वर नेल्या. दुकानातच अर्ध्या करून घ्यायला हव्या होत्या, एक कपलिंग जास्त लागलं असतं इतकंच.

मधे परवानगीचा भाग. बिल्डिंगच्या ऑफिसला दोन वेगळे अर्ज लागले. एक पाणी बंद करण्यासाठी, तीन दिवस आधी, वेळ सकाळी १० ते दुपारी ४, वरखालच्या घरांना कळवल्याच्या सह्यांसकट. दुसरा आगीच्या कामासाठी, कारण डाख लावायला ज्योतीचा टॉर्च पेटवणार. त्यात अट होती की अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा आणि काम संपल्यावर तासभर कुणीतरी तिथेच थांबायचं. पहिला अर्ज २० तारखेला दिला, दुसऱ्याचं मला माहीतच नव्हतं, त्यामुळे २३ चं काम २७ वर गेलं. तासभर थांबायची अट आधी मला उगाच वाटली, पण भिंतीतलं लाकडाचं एक फळकूट टॉर्च बंद केल्यावर वीस मिनिटांनी धुमसायला लागलं तेव्हा पटली.

२७ जानेवारी. काकांनी करवत वापरलीच नाही, ट्यूब कटर. तो पाईपभोवती फिरवायचा, प्रत्येक फेरीला थोडासा आवळायचा, घाईने आवळला तर पाईप चेपतो. मग ती आतली धार रीमरने काढायची. जुन्या लाईनीची वाट जिने लावली तीच धार, त्यामुळे मी प्रत्येक तुकड्यात बोट घालून बघत होते, काका वैतागले पण काही बोलले नाहीत. मग पाईपचं टोक आणि फिटिंगचं आतलं अंग तांबूस चकाकेपर्यंत घासायचं, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) पातळ लावायचा, पाईप घालून जरा फिरवायचा, आणि आच द्यायची ती फिटिंगला. डाखाच्या तारेला आच द्यायची नाही! तार नुसती सांध्याला टेकवायची, फिटिंग पुरेसं तापलं असेल तर डाख वितळून आपणहून आत ओढला जातो, वरच्या दिशेनेसुद्धा, अगदी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा. अंदाज सोपा आहे, पाईपच्या व्यासाएवढी तार एका सांध्याला पुरते, थेंब गळायला लागले तर जास्त झाली. काकांनी मला उरलेल्या तुकड्यांवर दोन सांधे करू दिले. पहिला मी इतका तापवला की फ्लक्स जळून काळा पडला आणि डाख आत जाईचना. दुसरा बरा जमला. डाख बिनशिशाचा असल्याची खात्री मात्र पाकीट वाचून करा, पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे.

सांधा आपोआप थंड होऊ द्यायचा आणि मग ओल्या फडक्याने फ्लक्स पुसायचा, राहिला तर तोच पुढे तांबं खातो.

संध्याकाळी हातपंपाने दाब दिला. काटा चढत गेला आणि अचानक फट्ट! भिंतीच्या कोपऱ्यातून पाण्याचा फवारा. एक सांधा डाख लावायचाच राहिला होता. सगळे तुकडे आधी नुसते बसवून ठेवले होते आणि बीमच्या मागचा तो एक कुणाच्या नजरेतच आला नाही. वाईट म्हणजे आता लाईन पाण्याने भरलेली. आत थेंबभर पाणी असलं तरी ते उष्णता खेचून घेतं, वाफ होते, डाख वितळतच नाही. सगळी लाईन रिकामी करून, हवा मारून, वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाण्याची परवानगी एक दिवसाचीच होती, त्यामुळे २८ ला सकाळी ऑफिसमध्ये परत अर्ज आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची परत बोलणी. तेव्हापासून आम्ही प्रत्येक झालेल्या सांध्यावर मार्करने टिक केली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

गरम पाण्याची लाईन फुगते हे मला माहीत नव्हतं. चौदा मीटर पाईप २० अंशांवरून ६० वर गेला की जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर लांब होतो. क्लिपा आवळून टाकल्या तर गीझर सुरू केल्यावर भिंतीतून टिक टिक आवाज येतात. आम्हाला पहिल्या रात्री आलेच. काकांनी क्लिपा सैलावून मधे नमदा घातला, भिंतीतून आरपार जाणाऱ्या भागावर बाही चढवली आणि वर उष्णतारोधक आवरण, तेव्हा आवाज थांबला.

आता गॅस. इथे मी स्वतः काही केलं नाही आणि कुणीही करू नये. गॅस कंपनीचा फॉर्म, सोबत जुन्या आणि नव्या मार्गाचं हाताने काढलेलं चित्र, घराच्या कागदाची प्रत. ३० जानेवारीला दिला, माणूस बघायला आला १० फेब्रुवारीला. त्याने टेप लावून मोजलं आणि अर्ज नाकारला, कारण माझ्या चित्रातला पाईप विजेच्या बोर्डाच्या फार जवळून जात होता. नवीन चित्र, पुन्हा रांग, २१ फेब्रुवारीला काम. चित्रात बोर्ड, शेगडी, खिडकी यांची अंतरं मोजून लिहा, माझे अकरा दिवस यातच गेले. नियम जागोजागी वेगळे असतात, काही ठिकाणी गॅसला तांबं चालतच नाही. त्याला एक कारणही आहे, गॅसमध्ये गंधकाचं प्रमाण जास्त असेल तर पाईपच्या आतून काळे पापुद्रे सुटतात आणि बर्नरची छिद्रं बुजवतात.

गॅसच्या सांध्यांना त्यांनी पाण्यासारखा डाख लावला नाही, ब्रेझिंग केलं. मी विचारलं का, तर काम करणारा मुलगा म्हणाला, मॅडम, डाख २३०-२४० अंशांना वितळतो, घरात आग लागली तर सांधे सुटून गॅस आगीतच येईल. ब्रेझिंगचा धातू ४५० च्या बऱ्याच वर वितळतो. एवढं साधं उत्तर, पण मला स्वतःहून सुचलं नसतं. शेगडीजवळ मऊ पाईप आणि फ्लेअर, म्हणजे पाईपचं तोंड कर्ण्यासारखं पसरून नटाने दाबलेलं. मग हवेचा दाब देऊन अर्धा तास गेज बघितला, सांध्यांवर फेस लावला. त्याच्याकडे त्यासाठी वेगळं द्रव होतं. घरातलं कुठलंही साफसफाईचं द्रव वापरू नका म्हणाला, अमोनिया असेल तर पितळी नटांना तडे जातात. शेवटी सही केलेला चाचणीचा कागद दिला, तो घराच्या फाईलमध्ये ठेवलाय.

आणि माळ्यावरची गुंडाळी. २६ फेब्रुवारीला एसीवाला आला, गुंडाळी बघून नाक मुरडलं, जाडी मोजली, ०.८ मिमी भरली. टोपण कितीवेळ उघडं होतं ते तीनदा विचारलं. मग नायट्रोजन मारून आतून साफ केली आणि म्हणाला, चालेल. माझ्या एसीला जाड पाईप अर्धा इंची आणि बारीक पाव इंचीच लागत होता, निव्वळ नशीब! बारीक त्याने आणला. मग त्याने दहा मिनिटं खपून अगदी देखणा फ्लेअर केला आणि लक्षात आलं की नट आधी पाईपात घालायचा राहिला. फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही. कापलं, पुन्हा केलं. दोघंही हसलो, म्हटलं चला, माझ्या एकटीच्याच चुका होत नाहीत.

एसीवाल्याकडे बघताना काही गोष्टी बघा. वळवताना पाईप चेपला तर तो भाग कापूनच टाकायचा, चेपलेला उघडून सरळ केला तरी गेलेलाच. मऊ पाईप पुन्हा पुन्हा वाकवला की कडक होत जातो. आणि ब्रेझिंग करत असेल तर आतून नायट्रोजन सोडतोय का, नाहीतर आत काळी खपली धरते आणि तीच पुढे सगळीकडे फिरते. शेवटी व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा, एसीचा गॅस सोडून हवा हाकलणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. आवरण दोन्ही पाईपांना वेगवेगळं.

उरलेल्या पाव इंची पाईपातून फ्रीजला पाण्याची लाईन करायचा मोह झाला होता. एसीवाल्यानेच नको म्हटलं, पाण्याला पाण्याचाच घ्या. मग वेगळी मऊ पाव इंची आणली, फ्रीजमागे दोन-तीन मोठी वेटोळी सोडली म्हणजे फ्रीज पुढे ओढला तरी पाईप मोडत नाही.

नव्या लाईनीचं पाणी पहिले आठ-दहा दिवस धातूची चव देत होतं. सकाळी नळ थोडा वेळ सोडून मग पाणी घ्यायचो, आणि पिण्यासाठी गरम नळाचं पाणी घ्यायचंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम तांब्याची आहे. रात्रभर साचलेलं, आम्लधर्मी पाणी असेल तर नव्या पाईपातून ती ओलांडली जाऊ शकते, तुमच्या पाण्याचा पीएच सातच्या खाली असेल तर तांबं घेण्याआधीच विचार करा. सिंकमध्ये हिरवट-निळा डाग दिसायला लागला तर तो खुणेसारखाच समजा.

खर्चाचे दहा भाग धरले तर पाईप-फिटिंग तीन, मजुरी चार, भिंत-टाईल-रंग दोन, आणि एक पूर्ण भाग माझ्या चुकांचा, म्हणजे वाया गेलेला दिवस, पुन्हा आलेली माणसं. तांबं महाग म्हणून सगळे घाबरवतात, मला मजुरीने जास्त घाबरवलं.

६ मार्चला प्लास्टर झालं. त्याच्या आधी मी भिंतीला टेप चिकटवून दर अर्ध्या मीटरला फोटो काढलेत, पाईपवरची निळी छपाई दिसेल असे. उरलेल्या तुकड्यांवर 'पाणी, एल, बाहेरून १५.९' आणि 'एसी, बाहेरून १२.७' अशा चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवलेत, एसीच्या तुकड्याची दोन्ही टोपणं घट्ट लावून.